जुन्याचं दुकान चांगल्या वस्तूंनी कसं भरायचं

आमचं दुकान म्हणजे सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका बंगल्याचं गॅरेज. मुलं पुण्याला गेली, गाडी विकली, आणि मालकीणबाईंनी किल्ली आमच्या हातात दिली. लोकांनी दिलेल्या वस्तू इथं स्वस्तात विकायच्या आणि त्या पैशातून रुग्णसाहित्य घ्यायचं: वॉकर, कमोडची खुर्ची, हवेची गादी, डोक्याकडून उचलता येणारा पलंग. मिरजेच्या दवाखान्यांतून डिस्चार्ज घेऊन निघालेल्या माणसाला यातलं काही ना काही लागतंच, आणि दोन महिन्यांसाठी विकत घेणं सगळ्यांना जमत नाही. आम्ही ते वापरायला देतो आणि काम झालं की परत घेतो.

गिऱ्हाईक पहिल्या दिवसापासून होतं. रडकथा होती ती मालाची. माल यायचा, पण कसला? कॉलरीला विटलेले शर्ट, एका पायाचा बूट, झाकण हरवलेला डबा, सात वर्षांपूर्वीची बँकेची डायरी. गॅरेज भरलेलं आणि गल्ला रिकामा. ते चित्र बदलायला आम्हाला दीड वर्ष लागलं. कुणी असंच दुकान चालवत असेल किंवा काढायच्या विचारात असेल, तर आमच्या चुका त्यांनी पुन्हा करू नयेत म्हणून हे लिहिते आहे.

आधी महिनाभर वही लिहा

कुणाकडे काही मागायच्या आधी एक साधी दोनशे पानी वही घ्या. तारीख, कोण आलं, काय आणलं, आपलं दुकान कुठून कळलं, आणि शेवटी त्या वस्तूचं काय झालं. शेवटच्या रकान्यात चारच शब्द वापरायचे: विकलं, तसंच दिलं, चिंधी, कचरा.

आम्ही समजत होतो की माल कमी येतो. वहीनं सांगितलं की माल बख्खळ येतो, विकण्याजोगा कमी येतो. दोन्हींवरचा इलाज वेगळा आहे. माल कमी असेल तर जास्त लोकांपर्यंत जावं लागतं. माल वाईट असेल तर मागण्याची पद्धत बदलावी लागते. आम्ही तोवर चौकाचौकात ‘जुने कपडे व वस्तू द्या’ असे कागद चिकटवत होतो, म्हणजे आपणच कचऱ्याला आमंत्रण देत होतो.

वहीतून आणखी एक कळलं. कागद वाचून आलेल्या माणसाचा माल आणि ओळखीच्या कुणी सांगून आलेल्या माणसाचा माल यांत जमीन-अस्मानाचा फरक. कागद त्याच आठवड्यात काढले.

जुन्या वस्तूच्या तीन ठरलेल्या वाटा

विलायतेत अशी दुकानं गावोगाव असतात. ऑक्सफॅम या मदतसंस्थेनं १९४०च्या दशकाच्या शेवटी ऑक्सफर्डच्या ब्रॉड स्ट्रीटवर दुकान काढलं, ते आजही तिथं आहे. तिकडच्या माणसाला कपाट आवरताना चॅरिटी शॉप आपोआप आठवतं. आपल्याकडे तसं नाही, आणि त्याचं कारण आपण कंजूष आहोत हे नाही. आपल्या घरातल्या जुन्या वस्तूंना आधीच तीन वाटा आहेत.

पहिली वाट घरी कामाला येणाऱ्या मावशींची. दुसरी बोहारणीची: दोन पँटी आणि एक साडी घालून, तासभर घासाघीस करून एक पातेलं घ्यायचं. तिसरी भंगारवाल्याची. या तीन वाटांवर आपण अडवायला उभं राहायचं नाही. मावशींचा हक्क पहिला. त्यांच्या तोंडचं काढून आपल्या दुकानात आणण्यात काही शहाणपण नाही, आणि गावात बोभाटा होतो तो वेगळाच. बोहारणीशी तर स्पर्धा करूच नका. ती दारात बसून नवं कोरं पातेलं देते, तुम्ही काय देणार? पुण्य?

पण प्रत्येक घरात अशा वस्तू असतात ज्या या तीनही वाटांनी जात नाहीत. मावशींना उपयोग नाही, बोहारीण हात लावत नाही, भंगारात घालायला जीव होत नाही. त्या माळ्यावर जातात. आपलं गिऱ्हाईक म्हणजे हा माळा. मागायचं ते माळ्यावरचं.

माळ्यावर काय काय असतं

सगळ्यात वर आहेर. लग्नात, बारशात, वास्तुशांतीत आलेल्या साड्या. घडी न मोडलेल्या, पिशवीतच ठेवलेल्या. यातल्या निम्म्या पुढच्या लग्नात दुसऱ्या कुणाला जातात, तिथून तिसऱ्याकडे, आणि एखादी साडी चार वर्षांनी मूळ मालकिणीकडेच परत येते हे प्रत्येकीनं एकदा तरी अनुभवलेलं असतं. लेमन सेट, भिंतीवरची घड्याळं, काचेचे बाऊल, थर्मास, डिनर सेटचे खोके हेही त्यातच. हळदीकुंकवाच्या वाणात आलेल्या वाट्या, कुयऱ्या, पर्सही. हा सगळा माल नवा असतो आणि दुकानात एका दिवसात उठतो.

मग शाली. हा शोध आम्हाला अपघातानं लागला. एका निवृत्त मुख्याध्यापकांकडे पुस्तकं आणायला गेलो होतो. सरांनी पलंगाखालून पत्र्याची ट्रंक ओढली. झाकण उघडल्याबरोबर डांबराच्या गोळ्यांचा भपकारा आला, आणि आत काठोकाठ शाली. प्रत्येकीला टाचणीनं त्या कार्यक्रमाची पत्रिका लावलेली. सर एकेक पत्रिका वाचत गेले: स्नेहसंमेलन, गुणगौरव, पतपेढीची वार्षिक सभा. दीड तास लागला. बाई आतून दोनदा चहा घेऊन आल्या आणि दुसऱ्या वेळी म्हणाल्या, ‘‘अहो, द्या की आता. नारळ खाल्ले तसं हेही संपवा.’’ सरांनी एक ठेवली, तेवीस दिल्या. पत्रिका मात्र सगळ्या काढून स्वतःकडे ठेवल्या.

सांगलीत निवृत्त शिक्षक, प्राध्यापक, बँकवाले, साहित्य-नाट्य मंडळींच्या घरी अशी ट्रंक हमखास असते. आम्ही आता ‘शाली आहेत का?’ असंच विचारतो. स्मृतिचिन्हं मात्र घेत नाही. त्यांच्यावर नाव कोरलेलं असतं. विकत कोण घेणार?

बाकीचं थोडक्यात: चाकांच्या प्रवासी बॅगा, लहान मुलांच्या सायकली, कॅरम, पितळेची भांडी, शिलाई मशीन, बाळाचं सामान, स्वेटर. स्पर्धा परीक्षेची पुस्तकं चांगली जातात, पण पाहून घ्या. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली, त्यामुळे तिचे जुने वस्तुनिष्ठ प्रश्नसंच आता रद्दीच. आणि आजोबांचे कोट, जुना रेडिओ, कंदील, फिरकीचा फोन असलं काही आलं तर भंगार समजू नका. सांगली नाटकवाल्यांचं गाव आहे. एकांकिका स्पर्धा जवळ आल्या की कॉलेजची पोरं अशा वस्तू शोधत दारात येतात.

एका वेळी एकच मागा

या एका बदलानं आमच्याकडे सगळ्यात जास्त फरक पडला. ‘काहीही द्या’ म्हटलं की माणूस घरात नजर फिरवतो, आळसावतो आणि गप्प बसतो, नाहीतर जे फेकायचंच होतं ते आणून देतो. ‘येत्या रविवारपर्यंत आम्हाला शाळेच्या बॅगा हव्यात’ म्हटलं की त्याला कपाटाचा नेमका कप्पा आठवतो. आणि बॅग शोधायला तो माळ्यावर चढला की खाली येताना आणखी दोन वस्तू घेऊन उतरतो.

पंधरवड्याला एक वस्तू ठरवा. व्हॉट्सॲपवर असं लिहा:

‘‘नमस्कार. १५ ते ३० मे या काळात आम्ही शाळेच्या बॅगा, कंपास आणि पाण्याच्या बाटल्या गोळा करतोय. चेन चालू असावी, शिवण उसवलेली नसावी. विक्रीचे पैसे हवेच्या गाद्यांना जातील. सध्या तीन पेशंट गादीची वाट बघतायत. रविवारी सकाळी १० ते १ मध्ये आणून द्या, किंवा घराचा पत्ता कळवा, आम्ही येतो.’’

यात काय आहे ते बघा. वस्तू, तिची अवस्था, पैसे कशाला, मुदत, आणि पोचवायचं कसं. सुविचार नाही, हात जोडलेली चित्रं नाहीत, ‘दानासारखं पुण्य नाही’ नाही. हा निरोप शंभर ग्रुपवर टाकू नका. दहा सोसायट्यांत एकेक ओळखीची व्यक्ती धरा आणि तिनं तिच्या नावानं तिच्या ग्रुपवर टाकावा असं करा. ‘फॉरवर्डेड’ असा शिक्का दिसला की आपण सगळेच तो निरोप वर ढकलतो.

पिशवी आधी, माल नंतर

दुकानापर्यंत सामान आणणं हाच अर्ध्या लोकांना मोठा अडथळा वाटतो. वस्तू द्यायची असते, पण मोठी पिशवी सापडत नाही, गाडीवर मावत नाही, जाऊ दे, पुढच्या रविवारी. म्हणून रिकामी पिशवी आपण घरी नेऊन द्यायची.

सुरुवातीला मी हुशारी केली. मार्केट यार्डातल्या ओळखीच्या एका आडत्याकडून रिकामी पोती मागून आणली आणि चार सोसायट्यांत वाटली. पोती हळदीची होती. झटकली होती, उन्हात टाकली होती, तरी भरून परत आली तेव्हा पांढरे शर्ट आणि दोन बेडशीट्स हळद लागलेल्या नवरदेवासारखी पिवळी. आमच्या सांगलीची हळद अशी धुवून जात नाही.

त्यानंतर आम्ही विकल्या न गेलेल्या बेडशीट्सच्याच पिशव्या शिवल्या. एका डबल बेडशीटमधून सहा होतात. बाहेरून कापडी खिसा, त्यात पोस्टकार्डाएवढा कागद: एका बाजूला ‘हे चालेल’, दुसऱ्या बाजूला ‘हे नको’, आणि न्यायला कधी येणार ती तारीख. ही तारीख महत्त्वाची. तारीख नसेल तर ती पिशवी भाजीला जाते. मीच एकदा आमची पिशवी गणपती पेठेत मेथीची जुडी घेऊन चाललेली पाहिली आहे.

पिशवी दिल्यापासून आठ ते दहा दिवसांनी न्यायला जावं. त्याहून लवकर गेलं तर भरलेली नसते, उशीर झाला तर विसरलेली असते. आदल्या संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एक ओळ टाकायची, आणि वॉचमनदादांना सांगून ठेवायचं. बाहेर जाणाऱ्या लोकांनी पिशव्या त्यांच्याकडे ठेवल्या तर आपली अर्धी जिने-चढाई वाचते. त्यांना चहा विचारा, नावानं हाक मारा. कुठल्या फ्लॅटमधली मंडळी घर बदलतायत हे त्यांना सेक्रेटरीच्या आधी कळतं, आणि घर बदलणारं कुटुंब म्हणजे अख्खा माळा.

पंचांग बघून मागा

घरं वर्षातून ठरावीक वेळी रिकामी होतात. त्याच्या आठवडाभर आधी मागणं पोचलं पाहिजे.

मे-जूनमध्ये शाळेचं सामान आणि हॉस्टेलं. मिरजेचं मेडिकल कॉलेज, वालचंद, विलिंग्डन या परिसरात शेवटच्या वर्षाची मुलं खोली सोडतात तेव्हा गादी, टेबल, बादली, कूलर, सायकल, सगळं दोन दिवसांत काढायचं असतं. नाहीतर घरमालक भंगारात घालतो. रूम सोडायच्या आधीच्या रविवारी आपला टेम्पो तिथं उभा पाहिजे. एका टेम्पोभाड्यात एवढा माल वर्षभरात दुसऱ्या कुठल्या फेरीत मिळत नाही.

पितृपंधरवड्यात लोक नवी खरेदी टाळतात, म्हणून आम्ही आधी ते पंधरा दिवस दुकान जवळजवळ झोपलेलंच ठेवायचो. चूक. विक्री मंदावते, पण हाच काळ गेलेल्या माणसांच्या नावानं देण्याचा. त्याला लागूनच नवरात्राच्या आधीची धुलाई. घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण बाहेर निघतं, घाटावर आणि गच्च्यांवर चादरी वाळतात, आणि ‘एवढ्या गोधड्या ठेवायच्या कुठं’ हा प्रश्न घरोघर पडतो. चादरी, ब्लँकेट आणि स्वेटर तेव्हाच मागा, कारण विकायची वेळ लगेच येते. गाळप हंगाम सुरू झाला की बीडकडून, मराठवाड्यातून ऊसतोडीला आलेली कुटुंबं कारखान्यांभोवती उतरतात. नोव्हेंबरच्या थंडीत पालात झोपणाऱ्या लेकरांना स्वेटर लागतो आणि नव्याची ऐपत नसते. आम्ही तिथं स्वेटर दहा रुपयांना विकतो, फुकट देत नाही. एक बाई तीन स्वेटरांत रंग निवडत अर्धा तास बसली होती. फुकटात निवड करायला कुणी बसत नाही.

दरवर्षी २ ते ८ ऑक्टोबरला देशभर दान उत्सव होतो, त्याचं निमित्त शाळा-कॉलेजांना सांगायला बरं पडतं. दिवाळीच्या साफसफाईबद्दल वेगळं काही सांगायला नको. फक्त एवढंच, की धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी मागू नका. तेव्हा बाईच्या हातात चकलीचा सोऱ्या असतो. दसऱ्यानंतर लगेच मागा. लग्नसराईनंतर आहेर, संक्रांतीनंतर रथसप्तमी झाली की वाणाच्या वस्तू. पावसाळ्यात कपडे शक्यतो मागूच नका. ओलसर वास एकदा दुकानात शिरला की सगळ्या मालाला लागतो.

‘नको’ म्हणायला शिका

सगळ्यात अवघड पायरी ही. दारात आलेल्या माणसाला परत कसं पाठवायचं? आम्ही वर्षभर सगळं हसून घेतलं आणि रात्री घंटागाडीची वाट पाहत बसलो.

आता टेबल दारातच ठेवलंय. पिशवी देणाऱ्याच्या समोर उघडायची, मागे नेऊन नाही. चांगली वस्तू आधी उचलून तिचं कौतुक करायचं, मग न चालणारी वस्तू त्याच हातानं परत द्यायची. बोलणं असं होतं:

‘‘काकू, ही पैठणी काठाची उद्याच जाईल बघा. हे दोन गाऊन मात्र विटलेत, हे आमच्याकडून कुणी घेणार नाही. हे घरीच पुसायला ठेवा.’’

‘‘असू दे की, कुणी गरीब घेईल.’’

‘‘गरीब असला तरी गिऱ्हाईकच की हो काकू. पन्नास रुपये देताना तोही उलटून-पालटून बघतो.’’

काकू रागावल्या नाहीत. पुढच्या वेळी त्यांनी इस्त्री करून साड्या आणल्या. हे आम्ही पुन्हा पुन्हा पाहिलं: आपण निवडून घेतो हे कळलं की लोक निवडून आणतात. ‘नको ते ठेवा, हवं ते न्या’ अशा माणुसकीच्या भिंती जागोजागी झाल्या आणि बऱ्याच ठिकाणी त्यांचा उकिरडा झाला, कारण तिथं ‘हे नको’ म्हणणारं माणूसच नव्हतं.

ठाम नकाराची यादी भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा. आतले कपडे, वापरलेल्या उशा, औषधं, हेल्मेट (आतून तडा गेलाय का ते बाहेरून कळत नाही), गॅसचा रेग्युलेटर आणि नळी, वायर सोललेली विजेची वस्तू. कुकर घ्यायचा तर शिट्टी, गास्केट, सेफ्टी व्हॉल्व्ह पाहून. आणि देवाच्या तसबिरी. आमच्याकडे पहिल्या वर्षी फ्रेम केलेले अकरा गणपती, चार लक्ष्म्या आणि एक भलेमोठे दत्तगुरू जमले. विकता येत नाहीत, टाकवत नाहीत, आणि दुकानात ठेवले तर येणारा चप्पल काढू लागतो. आता नम्रपणे सांगतो, देव घरचे घरीच.

गेलेल्या माणसाचं सामान

हा फोन वेगळा असतो. ‘‘बाबांचे कपडे आहेत... आणि तो वॉकर.’’ मग शांतता.

इथं घाई करायची नाही. तेराव्याच्या आत स्वतःहून कधी फोन करू नका. नंतरही ‘तुमच्या सोयीनं’ एवढंच म्हणा. काही घरं वर्षश्राद्धापर्यंत कपाट उघडत नाहीत. दोघांनी जावं, त्यातलं एक वडीलधारं. घडी घातलेले कपडे तिथंच उलटसुलट करू नका, ‘नको’ची यादी तिथं लागू नाही. सगळं जसंच्या तसं घ्या, निवड दुकानात करा. खिसे तपासा, मात्र: आम्हाला शर्टाच्या खिशांत चष्मा, एसटीचं तिकीट, बँकेची पासबुकं मिळाली आहेत, आणि एकदा एका कोटात शंभराच्या चार नोटा. ते सगळं पाकिटात घालून त्याच दिवशी परत पोचवतो.

विकताना ‘हे कुणाचं?’ असं गिऱ्हाईक विचारतं. गेलेल्या माणसाचे कपडे घालायला अनेकांना नको वाटतं. आम्ही खोटं बोलत नाही. कोट, छत्री, घड्याळ यांना कुणाची हरकत नसते. धोतरं आणि सुती लुगडी वाकळ शिवणाऱ्या बायका घेतात. मऊ झालेल्या सुती लुगड्यासारखं वाकळीला दुसरं काही नाही, त्यासाठी त्या नवं कापड नाकारतात.

दुकानदार, शिंपी, लाँड्री

घरांइतकंच लक्ष पेठेकडे द्या. शिंप्याकडे शिवून कुणी न नेलेले कपडे खुंटीला वर्षानुवर्षं लटकत असतात, लाँड्रीवाल्याकडेही. त्यांना मागताना एकच अट घाला: गिऱ्हाइकाला शेवटचा फोन त्यांनीच करावा, मग आपण न्यावं. हरभट रोड, कापड पेठेतल्या दुकानांत मार्च संपताना साठा मोजतात. एकाच मापाचे उरलेले, बटण तुटलेले, शोकेसमध्ये उन्हानं एका खांद्याला फिके पडलेले कपडे तेव्हा निघतात. दुपारी दोन ते चार जा. संध्याकाळी गिऱ्हाइकाच्या गर्दीत गेलात तर ‘बघू नंतर’ एवढंच ऐकायला मिळतं. मालकापेक्षा काउंटरवरचा जुना माणूस गाठा. कुठल्या रॅकमागे काय पडलंय ते त्याला ठाऊक असतं.

पावतीचा प्रश्न

‘‘एटीजीची पावती मिळेल ना?’’ हे दुकानदार पहिलं विचारतात. गोलमाल उत्तर देऊ नका. आयकरातली ती सवलत पैशाच्या देणगीला आहे, वस्तूंच्या नाही. आणि पैशातही २,००० रुपयांच्या वरची रोख देणगी चालत नाही. वस्तूंची आम्ही फक्त पोच देतो: ‘साड्या १२, थर्मास १’ अशी. तिच्यावर रुपयांत किंमत लिहीत नाही.

सायकल, मोबाइल, लॅपटॉप घेताना देणाऱ्याचं नाव, फोन आणि असेल तर बिलाची प्रत ठेवा. चोरीची सायकल आपल्या दारात सापडली तर समजावत बसावं लागेल. मोबाइल-लॅपटॉपमधली माहिती देणाऱ्यानंच पुसून द्यावी, आपण ‘करून घेऊ’ म्हणू नये.

जे विकत नाही त्याचं काय, हेही लोक विचारतात, आणि उत्तर तयार असलं की पिशवी सैल हातानं देतात. सुती कपड्यांची बटणं, चेन काढून चिंध्या करतो. कुपवाडच्या एमआयडीसीत मशीन पुसायला त्या किलोवर जातात. नायलॉन-टेरिकॉटला तेल शोषत नाही म्हणून कुणी विचारत नाही. ते आमचं ओझं, आणि त्यावर उपाय अजून सापडलेला नाही.

विकल्यावर कळवा

इंग्लंडमधल्या चॅरिटी शॉपमध्ये पिशवी दिली की देणाऱ्याच्या नावाचा नंबर तिच्यावर चिकटवतात आणि माल विकला गेला की त्याला किती पैसे आले ते कळवतात. तिथं त्यामागे कराचं गणित आहे: कर भरणाऱ्याच्या प्रत्येक पौंडामागे संस्थेला सरकारकडून २५ पेन्स मिळतात. आपल्याकडे तसा कायदा नाही, पण कळवायला कायदा कशाला हवा?

आम्ही प्रत्येक पिशवीला वहीतला क्रमांक देतो, लेबलवर तोच लिहितो. महिन्याच्या शेवटी ज्यांचा माल गेला त्यांना एकेक ओळ: ‘‘वहिनी, तुमचे लेमन सेट आणि तीन साड्या मिळून ६४० रुपये झाले. या महिन्यात दोन वॉकर घेतले.’’ बस. फोटो टाकायचा असेल तर वॉकरचा टाका. वॉकर धरलेल्या म्हाताऱ्या माणसाचा नको. या निरोपाला बहुतेकांचं उत्तर येतं, आणि त्या उत्तरात पुष्कळदा पुढची पिशवी असते. ‘‘नणंदेकडे पण बरंच पडलंय, सांगू का तिला?’’ सांगा की.

पुराचं वेगळं

सांगलीत दुकान आहे म्हटल्यावर हा भाग टाळता येत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. इशारा पातळी ४० फूट, धोक्याची ४५. पाणी ओसरल्यावर मी मदत म्हणून आलेले कपडे निवडायला एका हॉलमध्ये बसले होते. गाळानं माखलेल्या बायका दारात उभ्या, आणि ढिगातून निघतंय काय, तर जरीची शेरवानी, उंच टाचेचे सँडल, फाटक्या जीन्स. आमच्या दुकानाची कल्पना त्या ढिगाशी बसून आली.

पूर आला की लोकांना द्यायची घाई होते, आणि ती दोनच दिवस टिकते. म्हणून आमची पुराची यादी कोरड्या दिवसांत तयार असते: नवे गाऊन, लुंग्या, टॉवेल, चटया, पाच माणसांची भांडी एका पोत्यात, खराटे. जुने कपडे नकोत, असं पहिल्या ओळीत. घरं सावरायला लागतात तेव्हा, तीन-चार महिन्यांनी, दुसरी यादी निघते: कपाट, मिक्सर, पंखा, शाळेची पुस्तकं. तोवर बाकीचं गाव पूर विसरलेलं असतं, त्यामुळे देणाऱ्यांचे फोन आपणच करायचे.

दोन्ही याद्या लॅमिनेट करून दाराच्या आतल्या बाजूला लावल्या आहेत. दुकान विश्रामबागेत असलं तरी आमचं गोदाम नदीजवळच्या गावभागात आहे, म्हणून खाली मार्करनं एक ओळ जादा: पुलाला ३५ फूट झालं की खालचे दोन कप्पे रिकामे करायचे, किल्ली वरच्या मजल्यावरच्या वहिनींकडे.